मुलांना शपथा घालू नका

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की आधी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाच्या ताटावर बसायचे, असा आपल्याकडे पुष्कळ घरांतला शिरस्ता आहे. त्याच शिरस्त्याचा आधार घेऊन मी आज वाचकांपुढे थोडे कडू बोलणार आहे. खरे तर संपादकांनी चकलीच्या जोडीने वाचता येईल असे काही हलकेफुलके मागितले होते. परंतु माझ्या टेबलावर नववीतल्या एका मुलीची चाळीस पानी वही पडून आहे, आणि ती तिथे असेपर्यंत मला दुसरे काही सुचेल असे वाटत नाही.

मी हिंगण्यात मास्तरकी करतो. नागपूरच्या नैर्ऋत्येला, वेणा नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव. वेणा इथून पुढे हिंगणघाटकडे जाते आणि शेवटी वर्धा नदीला मिळते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे आमच्या हिंगणा रस्त्याच्या कडेने कारखान्यांची रांग उभी राहिली. २०२० साली मेट्रो रेल्वे लोकमान्यनगरपर्यंत आली. एका बाजूला तुरीचे आणि कपाशीचे शेत, दुसऱ्या बाजूला कारखान्याचा भोंगा, अशा ठिकाणी आमची मुले वाढतात. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक साहित्यिक म्हणतात, एवढेच. त्यामुळे ‘परिषद’ हा शब्द ऐकला की मला अजूनही थोडी धास्ती आणि पुष्कळ आदर वाटतो. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत वाटत असे.

गेल्या हिवाळ्यात एका मोठ्या शहरात विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण परिषद भरली. तिचे निमंत्रण आमच्या शाळेला आले तेव्हा आम्हा शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. एका विद्यार्थ्याला पाठवायचे, त्याने पाच मिनिटे भाषण करायचे आणि विषय वरूनच ठरवून दिलेला : ‘वितळणारे ध्रुव आणि आपली जबाबदारी’. आम्ही ही मुलगी निवडली. अक्षर स्वच्छ, वाणी स्पष्ट, आणि मोजण्याची विलक्षण हौस. शाळेच्या जिन्याला पायऱ्या किती, कडुनिंबावर बगळ्यांची घरटी किती, हे तिला विचारावे. वडील दुसऱ्याची शेती बटईने करतात, आई एका कारखान्यात रोजंदारीवर जाते.

मुलीने भाषण लिहून आणले. पहिल्या पानावर ध्रुव होते, अस्वल होते, समुद्राची वाढती पातळी होती. दुसऱ्या पानावर मात्र तिने असे लिहिले होते : “आमच्या शाळेमागच्या नाल्याचे पाणी कधी तांबूस असते, कधी काळसर. माझे आजोबा पूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला तिथे न्यायचे. आता नेत नाहीत, कारण बैलांच्या अंगाला खाज सुटते. हा रंग कुठून येतो, हे कुणी शोधले आहे काय?”

मी लाल शाईची लेखणी घेतली, या चार ओळींवर रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘विषयाला सोडून’.

वाचकहो, कादंबरीत खोटे बोलण्याची मुभा असते. इथे ती मी घेणार नाही. त्या ओळी विषयाला सोडून आहेत म्हणून मी खोडल्या नाहीत. आमच्या शाळेची बाके एका कारखानदारांनी देणगीदाखल दिली आहेत आणि प्रत्येक बाकावर त्यांचे नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले आहे. त्यांच्या कारखान्याचा आणि त्या नाल्याचा संबंध आहे की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही. नसेलही. पण संबंध निघाला तर काय, या नुसत्या शंकेनेच माझा हात पुढे झाला. ती शंका मुलीच्या मनातही नव्हती. ती माझ्या मनात होती.

मुलगी परिषदेला गेली, सोबत आमच्या शाळेतल्या एक बाई गेल्या. परत आल्यावर तिला ‘परिषदेचा अहवाल’ लिहायला सांगितला. तीच ही चाळीस पानी वही. तिच्यातला काही भाग तिच्याच शब्दांत देतो.

“सभागृह फार थंड होते, म्हणून सगळ्यांनी स्वेटर घातले होते. प्रत्येकाला पाण्याची छोटी प्लॅस्टिकची बाटली दिली. मी आमच्या पुढच्या तीन रांगा मोजल्या, त्यात बासष्ट बाटल्या होत्या. त्यातल्या एकोणीस अर्ध्याच पिऊन ठेवलेल्या होत्या. कापडी पिशवी भेट दिली, ती प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती.”

इतके वाचून मी हसलो. बाटल्यांची आणि वेष्टनाची थट्टा हल्ली कुणीही करतो. पण पुढचे पान उलटले आणि हसू मावळले.

“मग आम्हां सर्वांना उभे करून शपथ दिली. मी पाणी वाचवीन, मी वीज वाचवीन, असे म्हणायचे होते. आमच्या घरी आई हातपंपावरून पाणी आणते. त्यातले आणखी किती वाचवायचे, ते सांगितले नाही. नंतर स्टेजवर पृथ्वीचा मोठा फुगा आणला आणि सर्व मुलांनी हात जोडून तिची माफी मागितली. मीही मागितली. पण मी काय केले होते, ते मला आठवले नाही.”

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो, आणि या लेखातले माझे भांडण तिथूनच सुरू होते.

मोठ्यांनी धरणी नासवायची आणि माफी चौदा वर्षांच्या पोरीने मागायची, हा कुठला न्याय? घरात बापाने कर्ज काढावे आणि सावकारापुढे लेकराला उभे करावे, त्यातलाच हा प्रकार. १९९२ साली रिओ येथे राष्ट्रसंघाची पृथ्वी परिषद भरली होती, तेव्हा सेव्हर्न सुझुकी नावाची बारा वर्षांची कॅनेडियन मुलगी सुमारे सहा मिनिटे बोलली आणि सभागृह स्तब्ध झाले, असे आपण मुलांना सांगतो. पण ती मुलगी काय करायला गेली होती? तिने आपल्या मैत्रिणींबरोबर स्वतः पैसे जमवले आणि जगाच्या कारभाऱ्यांना तोंडावर जाब विचारला. ती क्षमा मागायला गेली नव्हती. आपल्याकडेही हरिद्वारच्या रिद्धिमा पांडे हिने २०१७ साली, वयाच्या नवव्या वर्षी, राष्ट्रीय हरित लवादाकडे सरकारविरुद्ध अर्ज केला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. परंतु अर्ज कुणी कुणाविरुद्ध करायचा, याविषयी त्या मुलीचा गोंधळ नव्हता. आपण मात्र या मुलींची चित्रे भिंतीवर लावतो आणि आपल्या मुलांना नेमके उलटे शिकवतो : जाब विचारू नका, शपथ घ्या.

शपथेचा एक मोठा गुण असा, की ती फुकट पडते. तिच्यासाठी कारखान्यातले सांडपाणी शुद्ध करावे लागत नाही, गावाची गटारे बांधावी लागत नाहीत, दप्तरातली धूळ झाडावी लागत नाही. लेकरांनी एका सुरात म्हटले, टाळ्या पडल्या, छायाचित्र निघाले, काम संपले. जिथे हिशेब द्यायचा असतो तिथे शपथ देऊन मोकळे होणे ही आपली जुनी खोड आहे. आता ती आपण मुलांच्या गळ्यात बांधतो आहोत.

दुसरे भांडण विषयाचे. ध्रुवावरचे बर्फ वितळते आहे, हे खरेच आहे आणि ते मुलांना कळलेही पाहिजे. त्याविषयी माझा वाद नाही. पण जवळचे सोडून लांबचे शिकवण्यात एक सोय असते. ध्रुवावरचे अस्वल उठून तुमच्या शाळेची देणगी बंद करीत नाही. शाळेमागचा नाला करू शकतो. म्हणून अस्वल विषयात बसते आणि नाला विषयाबाहेर जातो.

आमच्या परिसरात शिकण्यासारखे थोडे आहे काय? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदी वस्त्यांत शिरली आणि माणसे दगावली. ज्या नदीला शहर गटार समजत होते तिने एका रात्रीत आपला जुना रस्ता दाखवून दिला. एक धडा त्याचा घ्या. दुसरा घ्या ‘झुडपी जंगला’चा. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत सरकारी दप्तरी हे नाव असलेली जमीन आहे. पळस, बोर, बाभूळ, मध्ये गवत, त्यावर गावची गुरे. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिला रिकामी पडीक जागा समजलो. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या दृष्टीने जंगलच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनींचे वाटप झाले त्यांच्यासाठी मात्र नियमित करून घेण्याची वाट ठेवली. या निकालाने कुणाची झोपडी वाचली, कुणाचा बेत अडला, हा प्रश्न आमच्या मुलांच्या घरादाराचा आहे. तरी जंगल म्हटले की ती मुले वहीत ॲमेझॉनचे चित्र काढतात, कारण आम्ही तेच दाखवले.

आता दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. माझे एक स्नेही म्हणतात, “अहो, मुले चार गावची मुले भेटतात, जग पाहतात, हे काय थोडे झाले?” थोडे नाही, आणि तेच तर मुलीने लिहिले आहे. जेवणाच्या रांगेत तिच्यापुढे चंद्रपूरची एक मुलगी होती. तिने सांगितले, की आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली होती, तिच्यात चंद्रपूर होते, हे त्या दोघींनाही ठाऊक नव्हते. राख मात्र ठाऊक होती. मागे कोकणातला एक मुलगा होता. त्याच्या शेतात भरतीचे पाणी शिरून भात जळाले होते. ताट हातात धरून ही तीन मुले अर्धा तास एकमेकांच्या गावाविषयी विचारत राहिली. माझ्या मते परिषद झाली ती त्या रांगेत. पण आयोजकांनी तिला वेळपत्रकात जागा दिलेली नव्हती. घंटा झाली आणि मुले पुन्हा ध्रुवाकडे गेली.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. “कारखान्यांवर बोट ठेवायला शिकवाल, तर गावाच्या पोटावर पाय येईल.” हा आक्षेप माझ्या दारात स्वतः चालत आला. मुलगी परतली त्याच संध्याकाळी तिची आई माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली, बसली नाही.

“सर, पोरीनं तिथं कारखान्याचं नाव तं नाई घेतलं ना? माहं काम जाईन.”

मी म्हणालो, “नाही बाई, घेतले नाही.” ते मीच खोडले होते, हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ती समाधानाने गेली आणि मी तसाच उभा राहिलो.

या माऊलीचे भय खोटे नाही. ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यांना पर्यावरणावर प्रवचन देणे हा उद्धटपणा आहे. परंतु मुलीने मागितले तरी काय होते? कारखाना बंद करा, असे तिने कुठे म्हटले नव्हते. वहीत तिने लिहिले आहे : “आईचे काम राहावे आणि पाणी स्वच्छ करून सोडावे, असे दोन्ही होऊ शकते काय?” वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या संसदेने १९७४ सालीच दिलेले आहे. त्या वर्षीच्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे मंडळाच्या संमतीवाचून कारखान्याने सांडपाणी नाल्यात सोडायचे नाही, आणि सोडायचे ते घालून दिलेल्या मर्यादेत शुद्ध करूनच. त्याच १९७४ साली नागपूरच्या संशोधन संस्थेला ‘राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था’ हे नाव मिळाले. तिला आपण ‘नीरी’ म्हणतो. कायदा आहे, आणि पाणी तपासणारे शास्त्रज्ञ आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर बसतात. पन्नास वर्षांपूर्वीचा कायदा काय म्हणतो एवढेच एका मुलीने विचारले, तर तिच्या आईचे काम जाईल अशी भीती गावाला वाटते. मग विषय बदलायला हवा तो मुलीचा की गावाचा?

तिसरे भांडण मात्र परिषदेशी नाही. ते आम्हा शिक्षकांशी, म्हणजे माझ्याशी आहे. वहीच्या शेवटच्या पानावर काही नव्हते, म्हणून मी तिला वर्गाबाहेर विचारले, “भाषण कसे झाले?”

ती म्हणाली, “भाषण झालं सर. मंग तिथल्या एका म्हाताऱ्या सरांनी मले विचारलं, तुह्या गावचं पाणी कसं आहे म्हणून. मी काईच नाई बोलली.”

“का गं?”

“तुम्ही रेघ मारली होती ना.”

सबंध परिषदेत एका माणसाने योग्य प्रश्न विचारला, उत्तर त्या मुलीजवळ होते, आणि ते मी समासात गाडून टाकलेले होते. आयोजकांवर मी वर जे काही तोंडसुख घेतले आहे ते मागे घेत नाही; पण त्यांच्या व्यासपीठावर नाला पोचला नाही याचा पहिला गुन्हेगार हिंगण्यातच राहतो.

मग करायचे काय? नुसते कारीट फोडून उठायचे नाही, फराळाचेही बोलले पाहिजे. आपल्या विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचे छोटे गोंड गाव आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवले. बसायचे, माहिती जमवायची, कायदा वाचायचा, आणि सर्वांच्या संमतीने ग्रामसभेत निर्णय घ्यायचा. अशा अभ्यासाच्या बळावर त्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. उत्तराखंडातल्या रेणी गावची गोष्टही आपण सांगतो, पण अर्धीच. २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवी आणि गावच्या बाया झाडांना बिलगल्या, हे आपण सांगतो. तोडणारी माणसे जंगलाकडे निघाली आहेत हे आधी गावातल्या एका पोरीने पाहिले आणि धावत येऊन सांगितले, हे आपण विसरतो. त्या पोरीला कुणी शपथ दिली नव्हती. तिने पाहिले आणि सांगितले. आणि मोठ्यांनी ऐकले, हे सर्वांत महत्त्वाचे.

पाहणे आणि सांगणे, एवढेच मुलांना शिकवा. त्यासाठी कायद्याचीही सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या हद्दीतली झाडे, मासे, पाखरे, पाणवठे यांची ती वही. ती कुठे कशी भरली गेली, हे ज्याने त्याने आपापल्या पंचायतीत जाऊन पाहावे. मी तर म्हणतो, ती मुलांच्या हातात द्या. आजोबांना विचारून लिहा, की नाल्यात पूर्वी कोणते मासे सापडत आणि कोणत्या वर्षापासून सापडत नाहीत. पुढच्या परिषदेला ज्याला जायचे असेल त्याने आपल्या गावची अशी वर्षभराची वही घेऊन जावे, आणि आयोजकांनी पहिला प्रश्न त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा विचारावा. मग ध्रुवांचा विषयही घ्या. ज्याने आपल्या नाल्याचे पाणी वर्षभर पाहिले आहे, त्याला समुद्राची पातळी समजायला वेळ लागत नाही.

आमच्या शाळेत अशी वही आता सुरू झाली आहे. सुरू करण्यापूर्वी मी वर्गात उभे राहून लाल रेघेची हकीकत सांगितली. मुले फार गंभीर झाली नाहीत; एकाने तर विचारले, “मंग सर, तुमचे मार्क कमी करायचे काय?” दर शनिवारी चार मुले नाल्यावर जातात आणि तारीख, पाण्याचा रंग, वास, आदल्या दिवशीचा पाऊस, दिसलेले जीव, एवढे लिहितात. कुणाचेही नाव लिहायचे नाही असे आम्ही ठरवले आहे, कारण अजून आम्हाला काही ठाऊक नाही. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी रंग अधिक गडद दिसतो, एवढे या पावसाळ्यात ध्यानात आले. पावसाच्या आडून कुणी पाणी सोडते, की वरच्या अंगाची माती आणि घाण वाहून येते, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. मुलीची आई ती वही एकदा पाहून गेली. तिने पाने उलटली आणि नाव कुठे नाही याची खात्री करून घेतली. मग म्हणाली, “हे तं आमी रोजच पाह्यतो.”

बाके दिलेल्या गृहस्थांना मात्र ती वही मी अजून दाखवलेली नाही. हेही लिहिलेच पाहिजे, नाहीतर वरचा सारा उपदेश पोकळ ठरेल. ते सज्जन आहेत, दरवर्षी दिवाळीला शाळेत मिठाई पाठवतात, आणि हा अंक त्यांच्याही घरी जातो. सुट्टी संपली की पहिल्या शनिवारी मी त्यांना नाल्यावर येण्याचे आमंत्रण देणार आहे. मुलगी त्यांना तोच प्रश्न विचारील. त्या वेळी माझ्या खिशात लाल शाईची लेखणी असणार नाही.